घाटाचा घाट

गुरुवारी रात्री आमचा सायकल क्लब एका अमृततुल्यात भरतो. क्लब म्हटलं तरी कार्यालय नाही, पाटी नाही. बाहेर एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून उभ्या असलेल्या दहाबारा सायकली आणि आत तितकीच माणसं. चहा येतो, बशीत थोडं सांडतं, आणि त्या सांडलेल्या चहात बोट बुडवून कुणीतरी टेबलावर कात्रजचा घाट काढतो. त्याच्या पुढे खंबाटकी, आणि पार टेबलाच्या कडेपर्यंत गेलेला पसरणी. फोनमध्ये नकाशा असतो, चढाचा आलेखही असतो. पण चहाने काढलेला घाट वाळायच्या आत निर्णय घ्यावा लागतो, म्हणून तो मला अधिक आवडतो.

यंदाचा बेत एका ओळीचा आहे. शनिवारी पुण्याहून वाई, रात्री मुक्काम, रविवारी पहाटे पसरणी घाट चढून पाचगणी.

आपल्या भाषेने ‘घाट’ या दोन अक्षरांत केवढा संसार मांडलाय! डोंगर ओलांडणारा रस्ता म्हणजे घाट. नदीत उतरणाऱ्या पायऱ्या म्हणजे घाट. भांड्याला असतो तोही घाट, आणि तो साधला की भांडं घाटदार. शिवाय एखादी गोष्ट मनात घेऊन तिची जमवाजमव सुरू केली, की आपण तिचा घाट घातलेला असतो. त्यात ‘कशाला नसता घाट घातलास?’ असा घरच्यांचा सूरही ऐकू येतो. गुरुवारी रात्री अकराला घरी पोचल्यावर मला तो हमखास ऐकू येतो.

दिवस नोव्हेंबरअखेरचे धरलेत. पावसाळ्यात घाट देखणा असतो, पण धुक्यात मागून येणाऱ्या गाडीला सायकलस्वार दिसत नाही. आणि एप्रिलमध्ये दुपारचं डांबर टायरला सोडवत नाही. मार्गशीर्षाच्या तोंडावर हवा कोरडी, गार आणि शहाणी असते. सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो. पाचला निघायचं, म्हणून पुढे पांढरा दिवा, मागे लाल. नव्या बोगद्याकडे जायचं नाही, जुन्या कात्रज घाटाने चढायचं. वरच्या जुन्या बोगद्यापाशी मागे वळून पाहिलं की पुणं अजून दिव्यांतच असतं. एके काळी हे शहर सायकलींचं होतं. कारखान्याचा भोंगा वाजला की रस्ताभर नुसत्या घंट्या. आता त्या शहराच्या वरून आम्ही मूठभर लोक सायकलीने निघून जातो, तेव्हा घर सोडतोय की घरी जातोय, हे क्षणभर कळत नाही.

मग उतार, खेड शिवापूर, कापूरहोळ. शिरवळला नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तिथे न्याहारी. पुढे खंबाटकी. आम्ही या वाटेने जायला लागलो तेव्हापासून या घाटात फक्त साताऱ्याकडे जाणारी वाहतूक वर चढताना पाहिली. पुण्याकडे येणारी बोगद्यातून. समोरून कुणी येत नाही, एवढा दिलासा. लादलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत शेजारून जातो, तेव्हा त्याच्या आणि आपल्या वेगात फारसा फरक नसतो. क्लीनर खिडकीतून मान बाहेर काढून विचारतो, ‘कुठवर?’ वाई म्हटलं की तो आपल्याकडे नवसाला निघालेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहतो. सुरूर फाट्याला महामार्ग सुटतो, आणि मग ऊस, गुऱ्हाळाचा वास, आणि वाई.

शनिवारची संध्याकाळ मी मुद्दाम मोकळी ठेवतो. ढोल्या गणपतीसमोर कृष्णेच्या घाटावर बसायचं, थंड पाण्यात पोटऱ्या बुडवायच्या. ज्याचे पाय शाबूत असतील त्याने मेणवलीला जाऊन नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा नदीकाठ पाहावा. दिवसभर एका घाटाने दुखवलेले पाय दुसऱ्या घाटावर निवतात. बेताच्या कागदावर याला वेळ लिहिलेली नसते. पण हे काढून टाकलं तर उरतो तो नुसता व्यायाम.

खरी वादावादी रविवारची. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. म्हणजे दहाबारा किलोमीटरांत ६०० मीटर उंची घ्यायची. शंभर मीटर रस्त्याला पाच-सहा मीटर चढ. आकडा सोसण्यासारखा वाटतो. तो सलग तासभर सोसायचा असतो, हे पसरणी गावाच्या पुढे कळतं. हे पसरणी शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. महाराष्ट्राचं राज्यगीत ज्यांच्या आवाजात घराघरांत पोचलं, त्यांना दम कुठून मिळाला असेल, याचं आमच्याकडे एक सायकली उत्तर आहे.

तरण्या मंडळींचं म्हणणं, पाचगणी कशाला, महाबळेश्वरच गाठू. आणखी अठराएक किलोमीटर तर आहेत. त्यातल्या एकाने सुचवलं, परत येताना मांढरदेवचा घाट घेऊन भोरमार्गे येऊ. तोही घाट खडा. त्याचं नाव निघताच टेबलावरची दोन माणसं गप्प झाली. बेत आखताना बोलणाऱ्यांपेक्षा गप्प होणाऱ्यांकडे लक्ष ठेवावं, हे मी उशिरा शिकलो. त्या दोघांतल्या एक काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या, वर्षभरापूर्वी क्लबात आल्या. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, ‘‘अहो, रस्ता कुठलाही घ्या. मला एकच सांगा. मी मागे राहिले तर कोण थांबणार?’’

सपाटीवर हा प्रश्नच येत नाही. ओळीत चालवली की पुढचा वारा कापतो, मागच्याला ओढ मिळते. कच्चा गडीही पक्क्यांच्या आडोशाने खपून जातो. पण चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो. एवढ्या संथपणात कापायला वाराच नसतो, म्हणून आडोसाही उरत नाही. तिथे प्रत्येकाचं वजन प्रत्येकाने उचलायचं. दुसऱ्याच्या वेगाने चढू पाहणारा लवकर चढला तर धाप लागून बसतो, सावकाश चढला तर त्याचे गुडघे कुरकुरतात. क्लब कितीही मोठा असो, घाटात माणूस एकटा असतो. मग सोबत म्हणजे काय करायचं? घाटात सोबत करण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. थांबणं.

हे मला सुचलं नाही, घडलं. काही वर्षांपूर्वी याच घाटात मी पहिल्या तिघांत होतो आणि त्याचा मला कोण अभिमान! वर पोचून चहा सांगितला. निघालेल्या माणसांइतके ग्लास आले, आणि वाटून झाल्यावर ट्रेमध्ये एक उरला. हॉटेलवाल्याने जास्त दिला असेल, असं समजून आम्ही तो वाटून प्यायलो. दहा मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. खाली, निम्म्या घाटात, आमच्यातला एक जण तुटलेली चेन हातात घेऊन कठड्यावर बसला होता. फोनला रेंज नव्हती. चेन जोडायचं हत्यार होतं, पण ते माझ्या पिशवीत, वर. मी उतरून गेलो तेव्हा तो रागावला नाही. काळे झालेले हात पुसत एवढंच म्हणाला, ‘‘वरून दरी छान दिसते का रे?’’

तेव्हापासून मी शेपटाला असतो. गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो तसा. चेनचं हत्यार, दोन ट्यूब, पंप, मीठ-साखरेचं पाणी, राजगिऱ्याचे लाडू, सगळं माझ्याकडे. केळी पिशवीच्या तळाशी, कारण घाटातली माकडं पिशवीबाहेरचं केळं आपलं समजतात. आणि मागून घाट वेगळाच दिसतो. पुढच्याला रस्ता दिसतो. शेवटच्याला माणसं दिसतात. धोम धरणाच्या पाण्यावर ऊन कधी पडतं, कुणाचा उजवा गुडघा बाहेर झुकतो, कोण वळणावर पाणी पिण्याचं निमित्त शोधतो, हे सारं मला मागून कळलं.

तर ठरलं असं. महाबळेश्वर नाही, मांढरदेव नाही. पाचगणीपर्यंत जायचं, न्याहारी करायची आणि पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागायच्या आत उतरायचं. उतारावर दोघांत अंतर ठेवायचं, वळणावर कुणी कुणाला मागे टाकायचं नाही, ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबत-सोडत उतरायचं. नाहीतर रिम तापते. वाईहून परतीला टेम्पो सांगितलाय. तरण्यांना तो अपमान वाटला. फ्रेम घासू नयेत म्हणून मध्ये घालायच्या गोधड्या काकू आणणार आहेत. ज्यांना सायकलीने परतायचंय त्यांना कुणी अडवलेलं नाही. पण ज्यांना नाही, त्यांना आता तसं कबूल करावं लागणार नाही. टेम्पोची खरी सोय ही.

चढाचे तीन तुकडे केलेत. प्रत्येकाच्या शेवटी, वळण सोडून, रुंद कडेला पुढच्यांनी थांबायचं. घाम वाळून थंडी भरते, म्हणून विंडचीटर जवळ ठेवायचा. इथवर सगळ्या क्लबांत सारखंच असतं. चूक पुढे होते. शेवटचा धापा टाकत येतो, त्याला पाहताच ताजेतवाने झालेले पुढचे म्हणतात, ‘चला, आले सगळे!’ आणि पाय टाकतात. ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही, आणि याला आपण वाट पाहणं म्हणतो. आमच्या बेताच्या कागदावर म्हणून सर्वांत खाली, ठळक अक्षरांत, काकूंच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलंय. तुम्हीही कधी घाटाचा घाट घातलात, तर एवढी ओळ उतरवून घ्या: शेवटचा येईल तेव्हा निघायचं नाही, शेवटचा ‘चला’ म्हणेल तेव्हा निघायचं.