धारावीतलं जंगल

रविवारचा प्लॅन ठरलेला होता. मॉल, गेम झोन, पिझ्झा. पण या वेळी बाबांनी व्हेटो वापरला. "सईला जंगल दाखवू या."

"कुठे, ताडोबाला?" दादाने लॅपटॉपमधून डोकं वर न काढताच विचारलं.

"नाही. धारावीला."

आम्ही सगळेच हसलो. पण तासाभराने खरंच जंगलात होतो! सायन-बांद्रा लिंक रोडवर, धारावी बस डेपोसमोर महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं गेट आहे. ट्रॅफिकला शिव्या घालत रोज इथूनच बीकेसी गाठणाऱ्या आपल्यापैकी किती जण आत डोकावलेत? मी तरी नव्हते.

आत शिरलो आणि हॉर्न हळूहळू मागे पडले. पायवाटेवर सहा वर्षांची सई पुढे, बाकी वऱ्हाड मागे. लाल मुंग्यांनी पानं शिवून बांधलेलं घरटं तिलाच आधी दिसलं. मग सापडला खुळखुळा. त्याच्या वाळक्या शेंगा हलवल्या की आतल्या बिया चक्क खुळखुळ वाजतात. दादा फोनवर क्लायंटशी बोलत होता. सईने शेंग थेट त्याच्या दुसऱ्या कानाशी वाजवली. "नंतर करतो," म्हणत त्याने फोन ठेवला. वहिनीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

मिठी नदीच्या बाजूला आलो तेव्हा बाबा थांबले. "सई, तू उभी आहेस ना, त्याच्या खाली आमचा कचरा आहे."

बाबांचं बालपण सायनचं. इथून बस जायची तेव्हा सगळे नाकाला रुमाल लावायचे, कारण 1977 पर्यंत हे डम्पिंग ग्राउंड होतं. 1983 मध्ये डॉ. सालिम अलींनी इथे वृक्षारोपण केलं, 1994 मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आज 37 एकरांवर झाडी आहे. बाबांच्या डोळ्यांसमोर, एकाच पिढीत.

"मग आता आपला कचरा कुठे जातो?" सईचा प्रश्न.

"कांजूरमार्गला," दादा म्हणाला.

"तिथे पण जंगल होणार?"

कुणीच बोललं नाही. समोर मिठीचं काळं पाणी, काठावर तिवरं आणि त्यांच्या फांद्यांत अडकलेल्या आपल्याच प्लास्टिकच्या पिशव्या.

रात्री पिझ्झा आलाच. पण रिकामा बॉक्स, सॉसची पाकिटं, प्लास्टिकचे चमचे असं सगळं एकाच डब्यात कोंबताना दादाचा हात थबकला. सई बघत होती.

सोमवारी घरात दुसरा डबा आला. तो दादाने आणला.

कसं जाल? मध्य रेल्वेने सायन, तिथून बस किंवा टॅक्सी. निघण्यापूर्वी वेळा विचारून घ्या.

काय न्याल? फुल पँट, बूट आणि पाण्याची बाटली. डास भरपूर आहेत. आणि हो, बाटली परत घरी आणा!