भयपटातली बाई

भयपटात बाई एकाच वेळी दोन जागी उभी असते. भीती घालणारी तीच आणि झपाटली जाणारीही तीच. पुरुषाच्या वाट्याला बहुधा तिसरी जागा येते, म्हणजे बघणाऱ्याची, छडा लावणाऱ्याची किंवा मांत्रिकाला घेऊन येणाऱ्याची. पटकथा लिहिताना ही वाटणी इतक्या सवयीने होते, की आपण ती केली आहे हेही लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

हिंदी पडद्यावर या बाईचे रूप रुजवले ते कमाल अमरोही यांच्या ‘महल’ने (१९४९). झोपाळ्यावरची मधुबाला दिसते, दिसेनाशी होते आणि अशोककुमारचा नायक तिच्यामागे ओढला जातो. ती भूत नसून माळ्याची मुलगी आहे, हे शेवटी कळते. राज खोसला यांच्या ‘वो कौन थी’मध्ये (१९६४) भर पावसात मोटारीसमोर पांढऱ्या साडीतली साधना उभी राहते. त्या रूपामागेही इस्टेटीसाठी रचलेले कारस्थान निघते. दोन्हीकडे कॅमेरा पुरुषाच्या नजरेला बांधलेला आहे. बाई लांबून, अर्ध्या उजेडात दिसते. तंत्र म्हणून हे अचूकच, कारण अर्धवट दिसते त्याचीच भीती वाटते. पण तिच्या मनात काय चालले आहे याचा थांग प्रेक्षकाला शेवटपर्यंत लागत नाही. पाठ होतात ती फक्त साडी, मोकळे केस आणि गाणे.

रामसे बंधूंनी पडद्यावर खरे भूत आणले. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी पुरुष आहे, पण त्याच्या शापाने एका घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतात. ‘वीराना’मध्ये (१९८८) झपाटलेली तरुणी पुरुषांना भुलवते आणि त्यांचा जीव घेते. बाई एक तर आई किंवा मोहिनी, तिसरे काही नाही. याची मुळे लोकसमजुतीत खोलवर गेलेली आहेत. बाळंतपणात दगावलेली बाई अळवंत होते, सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा. जगताना जो संस्कार किंवा जे कर्तव्य अपुरे राहिले, तेच मेल्यावर ओळख बनते.

विक्रम भट्ट यांच्या ‘राज़’मध्ये (२००२) भूत आहे नवऱ्याच्या प्रेयसीचे आणि त्याला वाचवते ती बायको. सावित्रीची ही कथा प्रेक्षकाच्या इतकी ओळखीची आहे, की पतिव्रता जिंकणार हे त्याला आधीच माहीत असते. ज्या पुरुषामुळे एकीचा जीव गेला, त्याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. राम गोपाल वर्मा यांचा ‘भूत’ (२००३) याहून प्रामाणिक आहे. त्यात साडी नाही, हवेली नाही. आहे ती मुंबईतल्या उंच इमारतीतली सदनिका आणि ऊर्मिला मातोंडकरचा चेहरा. तरीही एक जुनी युक्ती तिथे टिकून आहे. पुरुषाला भूत दिसले की तपास सुरू होतो, बाईला दिसले की डॉक्टर बोलावला जातो. तिच्या शब्दावर घरातले विश्वास ठेवत नाहीत, म्हणूनच कथा मध्यंतरापर्यंत पोहोचते. अशा किती चित्रपटांचा ताण केवळ या अविश्वासावर उभा आहे, हे पटकथाकाराने एकदा स्वतःशी तपासून पाहावे.

साचा आतून मोडण्याचे काम अन्विता दत्त यांच्या ‘बुलबुल’ने (२०२०) केले. बंगालमधल्या जमीनदाराच्या हवेलीत आलेल्या बालवधूला जोडवी घातली जातात आणि ती तिला ताब्यात ठेवण्यासाठी आहेत, हेही सांगितले जाते. पुढे नवरा तिच्या पायांवर सळईने घाव घालतो. चेटकिणीचे उलटे पाय आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण ते उलटे कोणी केले, हे इथे डोळ्यांसमोर दिसते. खुणेला कारण मिळाले की ठोकळ्याचे पात्र होते. मात्र बुलबुलला न्याय मिळतो तो माणूसपण गमावल्यावरच, ही या मांडणीची मर्यादा आहे. ‘स्त्री’मध्ये (२०१८) भूत पुरुषांना पळवते आणि रात्री घराबाहेर पडायला पुरुष घाबरतात. ही अदलाबदल मजेची आहे, पण ती विनोदाच्या आधाराने उभी राहते.

मराठीत विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) या सगळ्यापेक्षा पुढे जातो. चहूबाजूंनी ऊस, मध्ये एकटे घर आणि त्यात गरोदर नेहा, पूजा सावंतने उभी केलेली. उसाच्या फडात चार पावलांपलीकडचे दिसत नाही, पात्याच्या सळसळीत माणसाची चाहूलही बुडून जाते. आपल्याकडे हे भय शेताच्या बांधावर वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. कॅमेरा इथे नेहाबरोबर चालतो, तिच्याकडे लांबून पाहत नाही. भीतीचे मूळ निघते ते मुलगी नको म्हणणाऱ्या घरात. भुताखेतांपेक्षा भयंकर ठरते ती घरातली जिवंत म्हातारी, तुळसाबाई, आणि उषा नाईक यांनी ती मायेने बोलत बोलत रंगवली आहे.

तरीही क्रौर्याचा चेहरा पुन्हा एका म्हाताऱ्या बाईचाच राहतो. वंशाला दिवा हवा म्हणून ज्यांनी तुळसाबाई घडवली, ते पुरुष पार्श्वभूमीला राहतात. पुढच्या मराठी भयपटाने कॅमेरा त्यांच्याकडे वळवावा.