पापडानं घेतलेली परीक्षा

मुलांनो, बाई कधी चुकतात का? तुमच्या बाईंचं मला माहीत नाही, पण मी चुकले. तेही भर वर्गात, फळ्यावर लिहून!

चौथीच्या वर्गात अन्न शिजवण्याच्या पद्धती सांगत होते. चूल, शेगडी, गॅस असं करत करत मायक्रोवेव्ह ओव्हनपर्यंत आले आणि लिहिलं : 'मायक्रो म्हणजे सूक्ष्म, वेव्ह म्हणजे लहर. केसाहूनही बारीक लहर.'

तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी उठली. "बाई, आमच्या ओव्हनच्या दाराला जाळी आहे. इतक्या बारीक लहरी भोकांतून बाहेर नाही का येणार?"

मी गप्पच झाले. "उद्या सांगते," एवढंच म्हटलं.

घरी येऊन भाच्याचं भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं. एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे लहरीची लांबी. ओव्हनमधल्या लहरीची लांबी किती असावी? सुमारे १२ सेंटिमीटर! तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीहून जराशीच कमी. मग तिला 'सूक्ष्म' का म्हणतात? तर आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांब असतात, त्यांच्यापुढे ही चिमुकली. हत्तीपुढे शेळी लहान, म्हणून शेळीची काही मुंगी होत नाही!

तरी मनाची खात्री होईना. मग ओव्हनमधली फिरती ताटली आणि तिच्याखालचं चक्र काढलं. एक चिनी मातीची बशी उपडी ठेवली, तिच्यावर उडदाचा कच्चा पापड ठेवला आणि ओव्हन थोडा वेळच चालवला. पाहते तो काय, पापड काही ठिकाणी फुलून पांढरा झालेला आणि शेजारीच कच्चा! लहरी आतल्या भिंतींवर आपटून परत फिरतात आणि एकमेकींत मिसळतात. त्यामुळे काही जागी जोर वाढतो, काही जागी नाहीसा होतो. जोराच्या दोन शेजारच्या जागांमधलं अंतर साधारण लहरीच्या लांबीच्या निम्मं असतं. पट्टी लावली. नक्षी वेडीवाकडी होती, पण बऱ्याच ठिकाणी अंतर ६ सेंटिमीटरच्या आसपास भरलं. दुप्पट केलं की १२! ताटली फिरती का ठेवतात, तेही कळलं. (हा प्रयोग घरातल्या मोठ्यांबरोबरच करा हं!)

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. "काल मी चुकीचं सांगितलं," हे म्हणताना जीभ अडखळली खरी. पण म्हटलं आणि बरं वाटलं. जाळीची भोकं जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. १२ सेंटिमीटरची लहर तिथंच अडते. प्रकाशाची लहर मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून आतला पदार्थ आपल्याला दिसतो. दार नीट लागत नसेल, तर ओव्हन वापरू नये तो याचसाठी.

"पण बाई, अन्न तापतं कसं?" ही लहर सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा हेलकावते. पदार्थातले पाण्याचे रेणू तिच्या तालावर वळायला बघतात, एकमेकांना धक्के देतात आणि पदार्थ गरम होतो. बटण बंद झालं की लहरी संपल्या, अन्नात त्या उरत नाहीत.

याच जातीच्या लहरींवर मोबाइल बोलतो, डिश अँटेनातून घरी चित्रं येतात, हवामान खात्याचं रडार पावसाचे ढग हेरतं. वाय-फायची एक लहर तर जवळजवळ ओव्हनच्या लहरीएवढीच लांब. फक्त तिची शक्ती अगदी थोडी, म्हणून तिच्यावर पापड भाजत नाही!

सगळं सांगून झालं. ती मुलगी पुन्हा उठली. माझ्या पोटात गोळाच आला.

"बाई, तो पापड आणलाय का?"

आणला होता. आधी पट्टी लावून सगळ्यांनी मोजला. मग भाजलेला भाग वाटून खाल्ला.