धुक्याला वगळून सॅन फ्रान्सिस्को पाहता येत नाही

उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांना एक दिवस सॅन फ्रान्सिस्को दाखवून आणणे, हा बे एरियातल्या आम्हा मराठी घरांचा ठरलेला कार्यक्रम असतो. नातवंडांना सुट्टी असते, सनीवेल-क्युपर्टिनोत रखरखीत ऊन असते आणि कॅलिफोर्निया म्हणजे ऊन असे समजून सगळे सुती कपड्यांत निघतात. साठ-सत्तर किलोमीटरनंतर गाडीतून उतरले की बोचरा वारा अंगावर येतो, समोर पांढरी भिंत असते आणि गोल्डन गेट पुलाचा पत्ता नसतो. संध्याकाळी घरी परतल्यावर ‘धुक्यामुळे काहीच दिसलं नाही’ असा शेरा मारून तो दिवस निकालात काढला जातो. हा शेरा मला मान्य नाही. या शहरात जे पाहण्यासारखे आहे, त्यातले पुष्कळसे धुक्यामुळेच तसे घडले आहे. म्हणून इथला दिवस पॉइंटांच्या यादीवरून न आखता धुक्याची ये-जा बघून आखला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ही ये-जा बरीचशी नेमाने होते. या किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड प्रवाह वाहतो. वारा पृष्ठभागावरचे पाणी खोल समुद्राकडे लोटतो आणि त्याच्या जागी तळाचे आणखी गार पाणी वर येते. ऐन उन्हाळ्यातही ते साधारण १२ ते १४ अंशांच्या आसपास असते. प्रशांत महासागरावरून येणारी दमट हवा या पाण्यावरून सरकताना थंडावते आणि तिचे धुके होते. त्याच वेळी दीडशे किलोमीटर आतल्या सेंट्रल व्हॅलीत पारा ३८-४० अंशांवर गेलेला असतो. तिथली तापलेली हवा वर चढते आणि समुद्रावरची हवा आत ओढली जाते. मधे किनाऱ्याची डोंगररांग आडवी आहे आणि तिला समुद्रसपाटीला पडलेली मोठी खिंड एकच, गोल्डन गेटची सामुद्रधुनी. म्हणजे आत जितके ऊन कडक, तितके शहरात धुके दाट. सनीवेलमधल्या उन्हावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या हवेचा अंदाज बांधणे इथेच चुकते. शहरातही सगळीकडे सारखे धुके नसते. पश्चिमेचा सनसेट भाग दिवसभर झाकलेला असू शकतो, तर ट्विन पीक्सच्या टेकड्यांनी धुके अडवल्यामुळे पूर्वेच्या मिशन भागात त्याच दुपारी लोक बागेत ऊन खात बसलेले असतात. बहुतेक दिवशी दुपारपर्यंत धुके मागे सरते आणि संध्याकाळी पुन्हा आत येते.

आता तो पूलच घ्या. १९३७ मध्ये तो खुला झाला, तेव्हा १,२८० मीटरचा त्याचा मुख्य गाळा जगात सर्वांत लांब होता. त्याच्या रंगाची हकीकत मला त्या लांबीपेक्षा महत्त्वाची वाटते. जहाजांना दिसावा म्हणून तो काळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी रंगवावा असे नौदलाचे म्हणणे होते. वास्तुरचनाकार आयर्विंग मॉरो यांना पोलादावर आलेला तांबूस-नारिंगी प्राथमिक लेप आवडला. भोवतीच्या डोंगरांशी तो जुळणारा होता आणि धुक्यात उठूनही दिसणारा होता. आज ज्या रंगासमोर सगळे फोटो काढतात, त्याच्या निवडीत धुक्याचा वाटा आहे. पुलाच्या पादचारी मार्गावर मध्यापर्यंत चालत जावे. कठड्यावर पाण्याचे थेंब जमलेले असतात, हाताला पोलाद गार लागते, जाडजूड नारिंगी दोर वर चढत जातात आणि मनोऱ्याच्या आधीच नाहीसे होतात. मग पायाखालून भोंगा घुमतो. मध्यावर आणि दक्षिण मनोऱ्यावर वेगवेगळ्या सुरांचे भोंगे आहेत आणि आत येणारी जहाजे त्या दोन आवाजांच्या मधून वाट काढतात. निरभ्र दिवशी हे भोंगे बंद असतात, म्हणजे स्वच्छ हवेत आलेल्या माणसाला हा अनुभव मिळतच नाही.

धुक्याचे असे गोडवे गाणे सोपे आहे, त्याने माणसेही मारली आहेत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. फेब्रुवारी १९०१ मध्ये ‘सिटी ऑफ रिओ दि जानेरो’ हे प्रवासी जहाज याच सामुद्रधुनीच्या तोंडाशी धुक्यात खडकावर आदळून बुडाले आणि शंभराहून अधिक माणसे गेली. दोन शतकांहून अधिक काळ युरोपीय जहाजे या किनाऱ्यावरून जात राहिली, तरी आतला उपसागर त्यांच्या नजरेला पडला नाही. १७६९ मध्ये तो स्पॅनिश तुकडीला सापडला तोही डोंगरावरून. यामागचे एक कारण म्हणून धुक्याकडेच बोट दाखवले जाते. पण म्हणूनच मी त्याला हवेतला किरकोळ अडथळा मानायला तयार नाही. ज्या गोष्टीने एवढे बंदर दडवून ठेवले, ती पाहुण्यांना समजावून सांगण्याच्या लायकीची आहे.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आणि अधिक रास्त आहे. तेरा हजार किलोमीटरवरून एकदाच आलेल्या माणसाला पूल डोळे भरून पाहायचा असतो, आणि सत्तरीच्या गुडघ्यांना हा वारा सोसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यावे, तेव्हा आकाश मोकळे असते, हे उत्तर बरोबर असले तरी नातवंडांची सुट्टी तोवर संपलेली असते. म्हणून क्रम बदलावा. सकाळी पुलाकडे धावू नये. आधी मेसन स्ट्रीटवरचे केबल कार संग्रहालय पाहावे. ते बंदिस्त आहे आणि तिथे प्रवेशशुल्क नाही. खाली प्रचंड चाके फिरत असतात आणि रस्त्यांखालून ताशी १५ किलोमीटर वेगाने धावणारे पोलादी दोर ओढत असतात. डब्यातला ग्रिपमन दांडा खेचून तो दोर पकडतो की डबा चालतो, सोडला की थांबतो. १८७३ पासूनची ही युक्ती आजोबांनाही कळते आणि नातवालाही. पूल बारा ते तीनच्या दरम्यान गाठावा. तेव्हाही झाकलेला असला, तर पलीकडच्या मरीन हेडलँड्सच्या टेकडीवर गाडीने जावे. धुके खालून वाहत असेल तर मनोऱ्यांची टोके वरून दिसतात. हात हलवत परतावे लागणार नाही याची हमी मी देत नाही, पण शक्यता नक्की कमी होते.

शिवाय पावसाळ्यात आपण मुद्दाम माळशेज आणि महाबळेश्वर गाठतो, समोरची दरी दिसत नसली तरी तिथे तासन्‌तास उभे राहतो, आणि त्या दिवसाला कोणी वाया गेला म्हणत नाही. तीच नजर इथे का सोडायची, हे मला कळत नाही. या घाटांतल्यासारखेच इथेही धुके नुसते झाकत नाही, ते पोसतेही. पुलाच्या उत्तरेला म्यूर वुड्समध्ये जे रेडवुड वृक्ष आहेत, ते जवळजवळ कोरड्या उन्हाळ्यात तग धरतात ते पानांवर साचून खाली ठिबकणाऱ्या धुक्याच्या पाण्यावर.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात आईवडील येणार असतील, तर गाडीच्या डिकीत प्रत्येकासाठी स्वेटर आणि कानटोपी आधीच ठेवा. अल्काट्राझ बेटावर जायचे असेल तर तिकीट बरेच आधी काढा, म्यूर वुड्सला गाडी लावायची जागा आगाऊ राखून ठेवा, आणि पुलाची वेळ मात्र शेवटपर्यंत मोकळी ठेवा.