आमचा संघ, दोन वर्षांसाठी

पुण्यात राहून एखाद्या व्यावसायिक संघाच्या मागे लागायचं असेल, तर आधीच सांगतो. जर्सी लगेच घेऊ नका. मी घेतल्या, आणि त्यातल्या बहुतेक संघांचा आज पत्ता नाही.

२०११ला आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स आले. म्हणजे नावाने आले. गहुंजेचं स्टेडियम तयार नव्हतं, म्हणून 'घरचे' सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आपल्या गावाचा संघ बघायला आम्ही घाट उतरून नवी मुंबईला जायचो. २०१२च्या एप्रिलमध्ये गहुंजे सुरू झालं. गांगुली कर्णधार, संघ मात्र तळाला. तरी जायचो. दुपारच्या सामन्याला ऊन थेट डोक्यावर, त्यामुळे टोपी हवीच. पाण्याची बाटली गेटवरच काढून घेतात. सामना संपल्यावर पार्किंगमधून गाडी निघता निघत नाही. शेवटी आम्ही गाडी लांब लावून चालत जायला लागलो, तेच बरं पडलं.

२०१३मध्ये गेलने बेंगळुरूत आमच्याविरुद्ध नाबाद १७५ केले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी जागेवरच डबा खाल्ला. त्याच वर्षी फ्रँचायझीच्या पैशांवरून मालक आणि बीसीसीआयचं फाटलं आणि संघ संपला.

२०१६ला पुन्हा एक आला, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी होती, तेवढ्यापुरताच. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी जीव लागलाच; धोनी कर्णधार म्हटल्यावर काय करणार! त्या वर्षी दुष्काळ होता. उच्च न्यायालयाने मे महिन्यातले सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं आणि आमचे सामने विशाखापट्टणमला गेले. राग नाही आला. धरणं आटलेली असताना मैदानावर पाणी मारा, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? तिकिटाच्या पैशांसाठी मात्र बराच पाठपुरावा करावा लागला. तिकिटाचा फोटो आणि बँकेचा मेसेज जपून ठेवला होता, म्हणून ते परत आले.

२०१७ला अंतिम सामना, हैदराबादला, समोर मुंबई. जिंकायला १३० हव्या होत्या, शेवटच्या षटकात ११. जॉन्सनच्या पहिल्याच चेंडूवर तिवारीने चौकार मारला आणि मी फटाक्यांची माळ गॅलरीत नेऊन ठेवली. पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी आणि स्मिथ, दोघंही झेल देऊन परत. एका धावेने हरलो. शेजारचे काका मूळचे दादरचे. जिन्यात भेटले तेव्हा 'चालायचंच' एवढंच म्हणाले. टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं.

फुटबॉलचंही तेच. पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता, पुढे तो संघ गेला. मग आयएसएलमधला एफसी पुणे सिटी. सामने बालेवाडीला. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांब दिसतात, पण मुलाला घेऊन जायला जागा चांगली. २०१८ला उपांत्य फेरीपर्यंत गेले, २०१९ला बंद. त्यांची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. मुलाने विचारलं, "मग आता आपण हैदराबादचे का रे बाबा?" मी विषय बदलला.

टिकली ती कबड्डीतली पुणेरी पलटण. २०१४पासून आहे. मुलाच्या हट्टामुळे २०२३च्या डिसेंबरमध्ये बालेवाडीला कबड्डी बघायला गेलो. टीव्हीवर कळत नाही ते तिथे कळतं. चढाईपटू मध्यरेषेकडे झेप घेतो, अंगावर तिघं-चौघं, आणि तो मॅटवर आपटल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो. हाताची बोटं रेषेपलीकडे पोचली की नाही, यावर सगळं स्टेडियम पंच झालेलं असतं. तेव्हाचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, आकाश शिंदे नाशिकचा. तेव्हा संघात असलेला शादलुई इराणचा, पण मुलाला तो सगळ्यात जवळचा. १ मार्च २०२४ला हरियाणाला २८-२५ हरवून पलटण विजेती झाली. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले तेव्हा मी उभाच राहिलो, सामना संपेपर्यंत बसलो नाही.

२०२५च्या अंतिम सामन्यात दिल्लीने तीन गुणांनी हरवलं. मुलगा त्या रात्री जेवला नाही.

पुढच्या हंगामात सामने पुण्यात झाले, तर तिकीट मध्यरेषेच्या समोरच्या बाजूचं घ्या. दोन्ही अर्धी मैदानं दिसतात आणि बोनसची रेषाही.