तारीख न ठरलेलं कलम

चि. गार्गीस,


घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला सांगितलंच आहे; मग कलमांचा कीस कशाला पाडायचा, असं तू विचारतेस. गार्गी, पाडायलाच हवा.

२५ जून १९७५ ची रात्र घे. पंतप्रधानांचा सल्ला आला आणि राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. कलम ३५२ मधली ‘अंतर्गत अशांतता’ एवढी सबब पुरली. पुढच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की स्थानबद्धाला सुटकेसाठी न्यायालयात दादच मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. पुढे त्यांची सेवाज्येष्ठता डावलली गेली, त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात आपल्या पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते, हे मला आजही बोचतं.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने नेमक्या याच फटी बुजवल्या. ‘अंतर्गत अशांतते’च्या जागी ‘सशस्त्र बंड’ आलं. महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागू लागली. जगण्याचा हक्क देणारं कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येईना. आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याखेरीज राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही, असं ठरलं. ही अट १९७५ मध्ये असती तर त्या रात्रीच मंत्र्यांना बोलावून बसवावं लागलं असतं. कदाचित सगळ्यांनी माना डोलावल्याही असत्या. पण ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ म्हणायची सोय कुणालाच उरली नसती. हुकूमशहा होऊ पाहणाऱ्याला कलमं कायमची रोखतीलच असं नाही, पण त्याला वेळ लावतात, चारचौघांच्या संमतीसाठी थांबवतात. तेवढा वेळ लोकांच्या फार कामाचा असतो.

त्याच दुरुस्ती कायद्याचं ३ रं कलम बघ. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारं ते कलम. ते लागू कधी करायचं, ही तारीख ठरवणं मात्र केंद्र सरकारवर सोडलं. आणीबाणीत स्वतः तुरुंग भोगलेल्यांच्या सरकारनेही ती ठरवली नाही, नंतरच्या कुणीही नाही. संसदेने मंजूर केलेलं कलम आजही अमलात नाही.

प्रबंधाला विषय शोधते आहेस ना? हाच घे, आणि लिहिताना कुठल्याच पक्षाची भीड बाळगू नकोस.

तुझा,
नानामामा