लेदर जॅकेट, झुणका आणि सव्वापाचची वेळ



गेल्या आठवड्यात स्टेटसला टाकलेला फोटो बघून कितीतरी जणींचे मेसेज आले. "हेल्मेटमधली ती तूच का गं?" मीच. जयसिंगपूर ते पन्हाळा, आठ मोटारसायकली, सोळा माणसं, आणि आमच्या ह्यांच्या बुलेटवर मागे मी. ह्यांचा हा ग्रुप दर हिवाळ्यात कुठेतरी जेवायला जातो. आतापर्यंत बायका घरीच राहायच्या. कारण एकच सांगितलं जायचं, "तुमचं जेवणाचं अवघड असतं." यंदा मी म्हटलं, अवघड आहे ते माझं मी बघते, तुम्ही गाडी चालवा. मग बाकीच्याही निघाल्या.

ग्रुपमध्ये आपली तीन घरं, बाकी सगळे मराठा, लिंगायत आणि एक ब्राह्मण जोडपं. तारीख ठरवताना मी एवढंच पाहिलं की अष्टमी-चतुर्दशी नको. चातुर्मासात तर प्रश्नच नसतो. त्या दिवसांत मुनिमहाराजही विहार करत नाहीत, आणि पावसात रस्त्यावर जीवजंतू किती असतात हे आपण बघतोच. हिवाळा त्या मानाने निवांत. पीठसुद्धा सात दिवस चालतं, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी दळणाची घाई नव्हती.

खरी अडचण आली ती कपड्यांची. गाडीवर वारा इतका लागतो की साधा स्वेटर काही कामाचा नाही. दुकानात जाकिटं बघायला गेलो तर पहिली चार चामड्याची. हातमोजेही तसेच. दुकानदार म्हणाला, पडलात तर हेच वाचवतं. पण जाड कापडाचीही रायडिंग जाकिटं मिळतात, कोपराला आणि खांद्याला आतून पॅड असलेली. विचारलं की मिळतात. फक्त लेबल वाचा, आणि हातमोज्यांचा तळवा नीट बघा. वरून कापड आणि तळव्याला चामडं असं बरेचदा असतं.

सकाळी साडेसातला निघालो. उसाचे दिवस. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यातून बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही की काही नाही. बुलेटवरून ते जवळून बघताना पोटात गोळा येतो. ज्यांना जायचंय त्यांनी अंधारात निघू नका आणि अंधारात परतू नका. आपल्याला दुसरं तसंही जमत नाही.

वाटेत आत वळून कुंभोजजवळच्या बाहुबलीला गेलो. अठ्ठावीस फुटांची ती संगमरवरी मूर्ती कोवळ्या उन्हात बघायची माझी हौस होती. ग्रुपमधल्या तिघांनी काही न सांगता चामड्याचे पट्टे आणि जाकिटं काढून गाडीवर ठेवली आणि मगच वर आले. बरं वाटलं. कोल्हापूर ओलांडलं, पंचगंगेवर अजून धुकं होतं. वाघबीळचा घाट चढून पन्हाळ्यावर पोचेपर्यंत नाकाचा शेंडा बधिर झाला होता.

पन्हाळा म्हणजे झुणका-भाकरी, खर्डा आणि मातीच्या गाडग्यातलं दही. आता तुम्हीच बघा, यातलं आपलं काय? झुणक्यात कांदा, खर्ड्यात लसूण, शेजारी वांग्याचं भरीत. आणि बेसनाबरोबर कच्चं दही म्हणजे उघड द्विदल. मी दोन दिवस आधीच हॉटेलात फोन करून ठेवला होता. तरी गेल्या गेल्या आत गेले. चुलीपाशी एक मावशी होत्या. म्हणाल्या, "कांदा न्हाई, लसूण न्हाई, मग त्येला चव कशानं यायची वो वहिनी?" मी म्हटलं, कढई धुवून घ्या, आमचा आधी करा, मग सांगा. मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, हिंग जरा हात सोडून. पाण्याला उकळी आली की बेसन थोडं थोडं भुरभुरायचं, झाकण ठेवायचं, आणि वरून भरपूर कोथिंबीर. मावशींनी बोटावर घेऊन चाखला आणि एवढंच म्हणाल्या, "हिंगाचा बराय." माझ्या दृष्टीने ते सर्टिफिकेट!

हे सगळं चाललं असताना माझी लेक दाराशी उभी होती. ती पुण्याला इंजिनिअरिंगला असते, सुट्टीला आली होती म्हणून बरोबर घेतली. लहानपणापासून हॉटेलात मी विचारायला लागले की तिचा चेहरा पडतो. "आई, प्लीज, सगळे बघतायत." त्या दिवशी काही बोलली नाही. जाऊन दुसऱ्या टेबलावर बसली, ग्रुपमधल्या मुलांच्यात.

आमची पंगत छान झाली. ग्रुपमधल्या एका वहिनींनी विचारलं, दही का घेत नाही, उपवास आहे का? मी सांगितलं, डाळीच्या पिठाबरोबर कच्चं दही आलं की त्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात असं आमच्याकडे मानतात, म्हणून दोन्ही एका ताटात घेत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यापुढचं गाडगं आपल्याकडे ओढलं. "मग वाया कशाला घालवायचं?" सगळे हसलो.

तेवढ्यात पलीकडे लक्ष गेलं. लेकीच्या ताटात कांद्याचा झुणका होता, आणि वर चिरलेला कांदाही. सहज खात होती, सवयीने खावं तसं. मेसमध्ये बटाट्याशिवाय भाजी नसते हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. घास तोंडातच फिरत राहिला. यांनीही बघितलं. आम्ही दोघं काही बोललो नाही. चारचौघांत तर नाहीच, आणि खरं सांगते, अजूनही बोललेलो नाही. काय बोलावं ते ठरत नाही. तुमच्या घरात कुणाचं शिकणारं लेकरू बाहेर असेल तर तिला कळेल.

जेवणानंतर तीन दरवाजा झाला, अंबरखाना झाला. गंगा, यमुना, सरस्वती या धान्याच्या कोठ्या बघताना पुरुष मंडळी लढायांबद्दल बोलत होती. मी मात्र विचार करत होते, एवढ्या धान्याला कीड लागू नये म्हणून काय करत असतील!

परतताना उशीर होत गेला. कुणाला गुऱ्हाळावर थांबायचं होतं, कुणाच्या गाडीची हवा गेली. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आणि माझा नियम दोन घटिका आधीचा, म्हणजे सूर्यास्ताच्या अठ्ठेचाळीस मिनिटं आधी सगळं आटपायचं. गुऱ्हाळावर पाकाचा वास सुटलेला, सगळे काकवीभोवती जमलेले, हे गाडीवाल्याला मदत करत होते. मी घड्याळ बघायच्या आत मागून लेकीचा आवाज आला. "आई, सव्वापाच झाले. तुझा डबा काढलाय." तिने डिकीतून गाळलेल्या पाण्याची बाटली, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून कट्ट्यावर रुमालावर मांडली होती. मी खाईपर्यंत शेजारी बसून राहिली. स्वतः मात्र मोबाईल बघत काकवी चाटत होती.

घरी पोचायला साडेसात झाले. सासूबाई दारातच होत्या. आधी विचारलं, थंडी बाधली का. मग लेक आत गेल्यावर हळूच, "पोरीनं काय खाल्लं गं?"

"भाकरी," मी म्हटलं, आणि हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागले.